एका वहीत त्रेचाळीस चुका: सगळ्यांवर लाल पेन चालवायचा का?

संध्यावर्ग
सोलापुरात अशोक चौकाजवळ अकरा वर्षांपासून संध्याकाळी इंग्रजी लेखनाचा वर्ग घेते. येणारी मुलं पदवीची, काही टॉवेल कारखान्यांच्या ऑफिसात काम करणारी. राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, त्यामुळे ही सगळी बारा-पंधरा वर्षं इंग्रजी शिकलेली. वाचलेलं कळतं, मोडकंतोडकं लिहिता येतं. गाडी अडते ती इथून पुढे.

जानेवारीत एका मुलाने गड्ड्यावर, म्हणजे आमच्या सिद्धेश्वरांच्या यात्रेवर, दीड पान लिहून आणलं. त्याचा चुलता नंदीध्वज, म्हणजे यात्रेतली उंच काठी, पेलतो. त्यात एक वाक्य होतं, ‘व्हेन विंड इज कमिंग, माय अंकल लेग बिकम लाइक स्टोन.’ मी इमानेइतबारे पानभर लाल पेन फिरवला. मोजल्या, त्रेचाळीस चुका.

पुढच्या आठवड्यात त्याने आजीवर लिहिलं. सात वाक्यं. ‘माय ग्रँडमदर इज ओल्ड. शी इज काइंड. शी लिव्ज विथ अस.’ चूक एकही नाही, पण आजीही कुठे नाही. त्या रात्री मला फार वाईट वाटलं. पोराने चुका सुधारल्या नव्हत्या, चुका होतील असं लिहिणंच सोडून दिलं होतं.

तेव्हापासून पंधरा दिवस एकाच प्रकारची चूक धरते. तिच्याखाली फक्त रेघ, उत्तर लिहीत नाही. मुलाने स्वतः सुधारायचं आणि पूर्ण मजकूर पुन्हा लिहायचा. सध्या ‘हॅड’ चालू आहे. आपण सहज म्हणतो, ‘काल बाजारात गेलो होतो’, म्हणून मुलं लिहितात ‘येस्टरडे आय हॅड गॉन टू मार्केट’. इंग्रजीत तिथे साधं ‘वेंट’ लागतं. ‘हॅड गॉन’ येतं ते भूतकाळातल्या दुसऱ्या एखाद्या गोष्टीच्या आधी काही घडून गेलं असेल तर.

परवा एक पालक वही घेऊन आले. ‘मॅडम, तपासलीच नाही का?’ म्हणून विचारतेय, माझं चुकतंय का?

जुना_फळा
मॅडम, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. चौतीस वर्षं हायस्कूलला इंग्रजी शिकवलं. तुमचं चुकतंय.

माझे वडील मागावर होते. ताणाचा धागा तुटला की माग तिथेच थांबवायचा आणि गाठ मारायची. ‘आज फक्त किनार बघतो, मधलं पुढच्या पंधरवड्यात’ असं म्हणून कापड होत नाही. भाषेचंही तेच. लॅरी सेलिंकर यांनी १९७२ साली मांडलंय की शिकणाऱ्याची स्वतःची एक मधली भाषा तयार होते, आणि तिच्यातल्या काही चुका दगडासारख्या गोठून बसतात. मध्यम पातळीवरच हा धोका मोठा, कारण काम भागतंय असं मुलाला वाटायला लागतं. शिवाय बाईंनी ज्याच्याखाली रेघ मारली नाही ते बरोबर, असंच पोरगं समजणार. पालकाचा प्रश्न रास्त आहे.

पोरगं घाबरलं ते लाल शाईने नव्हे, वही नुसती हातात दिल्यामुळे. मी जवळ बसवून एकेक चूक समजावून द्यायचो.

डिस्पॅच_विभाग
मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत निर्यातीची पत्रं बघतो. मास्तरांशी निम्मा सहमत.

आमच्या एका पोराने गिऱ्हाइकाला लिहिलं, ‘वी हॅड सेंट द सॅम्पल्स ऑन मंडे.’ उलट मेल आला, मग पुढं काय झालं, परत आले काय? दुसऱ्या वेळी ‘वी विल सेंड द गुड्स टिल फ्रायडे.’ त्याच्या डोक्यात ‘शुक्रवारपर्यंत पाठवतो’. पण आपलं ‘पर्यंत’ दोन्हीकडं चालतं की ओ! शुक्रवारपर्यंत थांबतो आणि शुक्रवारपर्यंत देतो. इंग्रजीत थांबायला ‘टिल’, द्यायला ‘बाय’. गिऱ्हाइकाला वाटलं, शुक्रवारपर्यंत रोज थोडा थोडा माल निघणार. एका शब्दापायी दोन दिवस खुलासे करण्यात गेले.

पण एखादा ‘द’ राहिला म्हणून आमची ऑर्डर गेलेली मी तरी बघितली नाही. सगळ्या चुका एका तराजूत तोलू नका. ज्यानं अर्थ फिरतो ती आधी धरा.

पूर्वभागातली
घरी तेलुगू, शाळा मराठी, आता बँकेत इंग्रजी. ती सात वाक्यं मी स्वतः लिहिलेली आहेत. नववीत वही लालभडक होऊन यायची. मग एक युक्ती सापडली, ‘बिकॉज’, ‘व्हिच’, ‘ऑल्दो’ वापरायचंच नाही, म्हणजे चूक होत नाही. मार्क बरे पडायचे. पण कॉलेजात पहिल्यांदा तक्रारअर्ज लिहायची वेळ आली आणि कारण आणि परिणाम एका वाक्यात बसवता येईनात. सर, तुम्ही जवळ बसवायचात, मला बसवलं नाही कुणी. वर्गात साठजणी होतो.

तरीही ताई, तुमची नुसती रेघ मला पटत नाही. ‘हॅड’ला चालेल. ‘अ’ आणि ‘द’ला चालणार नाही. तेलुगूत आर्टिकल नाही, मराठीतही नाही, कशाच्या आधारावर सुधारू? मी ‘अ’ खोडून ‘द’ घालायचे, तोही चुकला तर दोन्ही काढायचे. तिथे नियम समोर बसून सांगावाच लागतो, तोही मराठीत.

मला चालू वर्तमानकाळ कळला तो एका बाईंमुळे. त्यांनी फळ्यावर दोनच वाक्यं लिहिली, ‘मी पुस्तक वाचतो’ आणि ‘मी पुस्तक वाचायलोय’. आपली सोलापुरी! एरवी त्याच ‘करायलोय’ला शुद्ध बोला म्हणून दटावायचे. पुढे त्यांनीच सावध केलं, ‘मला कळायलंय’ म्हणून ‘आय ॲम अंडरस्टँडिंग’ करू नको, तिथे ‘आय अंडरस्टँड’च. हे रेघ मारून कळलं नसतं.

संध्यावर्ग
पूर्वभागातली, मान्य. आर्टिकलला रेघेबरोबर नियमही देईन. डिस्पॅचदादा, ‘बाय’ आणि ‘टिल’ उद्याच घेते.

सर, राग कसला? पण सेलिंकरांच्या पुढे हा वाद बराच गेलाय. १९९६ साली जॉन ट्रस्कॉट यांनी लिहिलं की लेखनातल्या व्याकरणाच्या चुका दुरुस्त करून फायदा होत नाही, उलट नुकसान होतं, ते बंदच करा. १९९९ साली डेना फेरिस यांनी त्यांना उत्तर दिलं, इतक्यात असा निकाल लावू नका. मी ट्रस्कॉटच्या टोकाला जात नाही. मला आधार वाटतो तो जॉन बिचनर यांच्या ऑकलंडमधल्या अभ्यासाचा, २००८ सालचा. मुलं आपल्यासारखीच मध्यम पातळीच्या उंबऱ्यावरची. आर्टिकलचे फक्त दोन उपयोग धरले: पहिला उल्लेख ‘अ’, नंतरचा ‘द’. ज्यांना दुरुस्ती मिळाली त्यांची सुधारणा दोन महिन्यांनीही टिकून होती.

पालकांचं म्हणणं मात्र मला लागलं. आता वहीच्या वरच लिहीन, ‘या वेळी फक्त भूतकाळ तपासला आहे’. म्हणजे बाकीचं बरोबर आहे असं कुणी समजणार नाही. पण त्रेचाळीस खुणा पुन्हा करणार नाही.

जुना_फळा
वरची ओळ लिहाच, माझा निम्मा आक्षेप तिथे मिटतो. निम्मा राहतो. ऑकलंडला आर्टिकलचे दोनच उपयोग होते. आपल्या पोरांचा काळ, वचन, शब्दयोगी सगळंच हलतं. पंधरा-पंधरा दिवसांनी एकेक धरत बसलात तर परीक्षा येऊन जाईल, आणि तपासणारा काही एकाच प्रकारचे मार्क कापत नाही. मी सगळ्याच चुका दाखवीन.

एक मात्र कबूल करतो. चौतीस वर्षांत तोच निबंध मी पुन्हा लिहून घेतला नाही कधी. दुरुस्ती वाचून पोरं पान उलटायची, पुढचा विषय. ते करायला हवं होतं. त्या गड्ड्याच्या निबंधाचं पुढे काय झालं?

संध्यावर्ग
सर, कालच आला. मूळच्या दीड पानावर नवी, एकाच प्रकारची रेघ मारून परत दिला होता. ‘हॅड’ सहा ठिकाणी होतं. पाच त्याने बदलले. सहावा तसाच ठेवला आणि वर्ग सुटल्यावर विचारायला थांबला, ‘मॅडम, हा राहू दे का? आम्ही होम मैदानावर पोचलो तेव्हा काठ्या आधीच गेल्या होत्या.’ वाक्य होतं, ‘व्हेन वी रीच्ड होम मैदान, द काठीज हॅड गॉन.’

घाईत मीच त्याच्याखाली रेघ मारली होती. त्याच्यासमोर खोडली.

‘अंकल लेग बिकम’ अजून तसंच आहे. कर्ता आणि क्रियापद सोमवारपासून.