अंक तोंडपाठ, पण चिंचोके मोजताना गोंधळ

प्रश्न (बालवाडी शिक्षिका)
नमस्कार. आमच्या मोठ्या गटातील पाच वर्षांची मुले टाळ्यांच्या ठेक्यावर एक ते वीस अंक न अडखळता म्हणतात. मात्र तीच मुले बारा चिंचोके मोजायला बसली की कोणाचे तोंड पुढे धावते आणि बोट मागे राहते. कोणी चौदा सांगते, तर बरीच मुले दहा सांगतात. अंक पाठ झाल्याचा पालकांना आनंद आहे, मला मात्र हे खटकते. ठेक्यावर म्हणून घेणे थांबवावे का?

उत्तर १ (निवृत्त शिक्षिका)
ताई, थांबवू नका. ठेक्यामुळे अंकांचा क्रम पक्का होतो, कारण पुढचा शब्द तालाबरोबर ओठांवर येतो; पण एका शब्दाला एकच वस्तू, हा संबंध हातापायांनीच शिकावा लागतो. अंगणात खडूने वीस घरे आखा आणि एका उडीला एकच अंक म्हणवून घ्या. पाय टेकल्यावरच पुढचा अंक म्हणायचा असल्याने तोंडाचा वेग शरीराच्या वेगाला बांधला जातो. त्यानंतर चिंचोके एका वाटीतून दुसऱ्या वाटीत टाकत मोजू द्या, म्हणजे मोजलेले आणि राहिलेले वेगळे दिसतील. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी गावात बालशिक्षणाचे काम सुरू केले, तेव्हापासून परिसरातील अशाच वस्तूंवर त्यांचा भर होता. एकोणीसही याच घरांवर शिकवता येतो : विसावर उडी मारायची आणि एक पाऊल मागे यायचे. ‘एकोण’ म्हणजे एकाने उणे, हे मुलाला पावलातून कळते.

उत्तर २ (पहिलीच्या वर्गाची शिक्षिका)
वरील उत्तराशी मी सहमत आहे, परंतु ‘दहा’ या उत्तराचे मूळ मला टाळीत दिसते. भाषेच्या तासाला आपण ‘क-मळ’ अशी उच्चाराच्या तुकड्यागणिक टाळी घेत असाल, तर मूल मोजतानाही ‘स-हा’, ‘न-ऊ’ यांवर दोन-दोन चिंचोके सरकवते आणि बारावा चिंचोका ‘दहा’च्या ‘द’वर संपतो. माझ्या वर्गात हे घडत होते आणि मला ते फार उशिरा उमगले. तेव्हापासून मी टाळी शब्दांच्या तुकड्यांसाठी राखली आणि पाऊल अंकांसाठी. तुकड्यांच्या टाळ्या मात्र सोडू नका. ब्रॅडली आणि ब्रायंट या संशोधकांनी १९८३ साली प्रसिद्ध केलेल्या इंग्लंडमधील अभ्यासात, सारख्या ध्वनीचे शब्द ओळखण्याच्या सरावाला प्रत्यक्ष अक्षरांची जोड मिळालेल्या मुलांची वाचनात सर्वांत चांगली प्रगती झाली होती. तेथेही नुसत्या ध्वनीपेक्षा ध्वनीला डोळ्यांसमोरच्या वस्तूची जोड मिळणे अधिक उपयोगी ठरले.

प्रश्नकर्त्या
आज मुलांजवळ बसून पाहिले. ‘सहा’वर खरोखरच दोन चिंचोके सरकत होते. दोघींचे मनापासून आभार. एका मुलाला पायाच्या दुखण्यामुळे उडी मारता येत नाही. त्याला नुसते बसवून ठेवणे मला पटत नाही. त्याच्यासाठी काय करावे?

उत्तर १ (निवृत्त शिक्षिका)
त्याच्या हाती पत्र्याचा डबा आणि खडे द्या. प्रत्येक खडा पडल्याचा आवाज झाला की त्याने अंक म्हणायचा आणि बाकीच्यांनी त्याच्या अंकावर उडी मारायची. मोजणीचा वेग तोच ठरवेल.