जाग येते पण अंग हलत नाही, छातीवर कुणीतरी बसतं तेव्हा (स्लीप पॅरालिसिस): तुमचे अनुभव सांगा

सायली_ताई: भाचा सकाळी चहा घेताना म्हणाला, "मावशी, डोळे उघडे होते पण हात हलेना, दारात कुणीतरी उभं होतं." बारावीचं वर्ष, दोन-दोन वाजेपर्यंत जागतो. मला माझं हॉस्टेल आठवलं. शेजारच्या कॉटवरची मैत्रीण दिसतेय, पण तोंडातून हाक फुटत नाही. तेव्हा भीतीने कुणालाच बोलले नाही. त्याचं तसं होऊ नये, म्हणून लिहा.

मिरजकर: नाइट शिफ्ट करून सकाळी आडवा झालो की हमखास. हातपाय झाडायला गेलं की जास्त घाबरायला होतं. मी फक्त पायाचा अंगठा हलवायला बघतो. तो हलला की सगळं अंग सुटतं.

चंद्रकोर: आजी उशाखाली अडकित्ता ठेवायची नि म्हणायची, मारुतीचं नाव घे. घ्यायचे मी, मनातल्या मनात. खरंच धीर यायचा.

भूलतज्ज्ञ_नाशिक: ओपीडीच्या मधे लिहितेय. रेम झोपेत, म्हणजे स्वप्नं पडतात तेव्हा, मेंदू हातापायांचे स्नायू ढिले करून ठेवतो, नाहीतर आपण स्वप्नातलं खरंच करू लागू. कधी जाग आधी येते आणि स्नायू मागून सुटतात. स्वप्नाचा तुकडाही शिल्लक असतो, तोच दारात उभा दिसतो. श्वास थांबत नाही. श्वासपटल (छाती-पोटामधला श्वासाचा पडदा) चालू असतं, पण बरगड्यांमधले स्नायू ढिले असल्याने छातीवर ओझं वाटतं. बहुतेक वेळा काही सेकंद, फार तर एक-दोन मिनिटं. भाच्याला कुशीवर झोपू दे, जागरण बंद. दिवसा आवरत नाही अशी झोप येत असेल किंवा हसता हसता गुडघे लुळे पडत असतील तर मात्र डॉक्टरांना दाखवा, नार्कोलेप्सी (झोपेवर ताबा न राहण्याचा आजार) असू शकते.

मिशिगनवासी: डेट्रॉइटच्या कलासंग्रहालयात फ्युसेली या चित्रकाराचं १७८१चं चित्र आहे. बाई उताणी झोपलेली, छातीवर एक विचित्र प्राणी बसलेला. बघून अंगावर काटा आला, हे तर माझंच!

चंद्रकोर: @मिरजकर अजून नाइटच का हो?

मिरजकर: नाही, आता जनरल. पण मुलगी लागलीय बीपीओत, तिची काळजी वाटते.

सायली_ताई: डॉक्टर, खूप आभार. भाच्याला सगळं वाचून दाखवलं. त्याच्या वर्गातल्या आणखी एकाला होतं म्हणे, त्यालाही पाठवतोय.

चंद्रकोर: बारावीवाल्यांना रात्री कॉफी देऊ नका गं. आमच्याकडे थर्मास भरून असतो.