झाकोपानेत लाकडी हॉटेलात राहायचंय, जेवणाचं कसं?

मनीप्लांट: नमस्कार मंडळी, मेच्या शेवटी नवऱ्याच्या कामासाठी पोलंडमध्ये क्राकूवला जातोय, ते आटपलं की तीन दिवस तिथल्या डोंगरातल्या झाकोपाने गावाला जायचं ठरतंय. मोठं चकचकीत हॉटेल नकोय, जुन्या पद्धतीचं लाकडी घर आणि घरगुती पोलिश जेवण हवंय. सोबत सासूबाई आहेत, त्यांना अंडं चालतं पण मटण-चिकन अजिबात नाही. कोणी राहिलंय का?

डोंगरभटक्या: बिनधास्त जा! क्राकूवहून शंभरेक किलोमीटर, बसने दोन-अडीच तास. आम्ही चार रात्री अशाच एका हॉटेलात होतो, अख्ख्या ओंडक्यांच्या भिंती आणि दोन ओंडक्यांमधल्या फटीत लाकडाच्या बारीक तुसाच्या वेण्या घालून ठोकलेल्या, वारा आत येऊ नये म्हणून, खोलीत पाऊल टाकलं की लाकडाचा वास. ही सगळी धाटणी स्तानिस्वाव वित्कीयेविच या चित्रकार-वास्तुकाराने रूढ केली, त्याचं १८९३ चं कोलिबा नावाचं घर आता म्युझियम आहे, ते चुकवू नका.
नाश्त्याला राईचा ब्रेड आणि मुळा-कांद्याची पात घातलेलं त्वारूग, म्हणजे आपल्या पनीरसारखंच पण मऊ आणि आंबूस. आणि ओस्त्सिपेक खाच! मेंढीच्या दुधाचं धुरावलेलं चीज, भाजून वर क्रॅनबेरीचा जॅम. मेंढ्या मेपासून कुरणावर असतात त्यामुळे तुम्हाला अगदी ताजं मिळेल.

आमटीभात: सासूबाईंसाठी पिएरोगी रुस्किए मागवा, बटाटा, त्वारूग, कांदा भरलेल्या उकडलेल्या करंज्याच समजा. पण त्यावर डुकराच्या चरबीचे तळलेले तुकडे घालतात, म्हणून ऑर्डर देतानाच "बेझ स्क्वारेक" म्हणायचं, माझ्या आईच्या ताटात आले होते आणि बिचारी उपाशी उठली. झुरेक सूप राईचं पीठ आंबवून करतात, ऐकून आंबील आठवते पण त्यात सॉसेज असतं. क्वाश्नित्सा, म्हणजे आंबवलेल्या कोबीचं सूप, ते पण नको, मांसाच्या रश्शातलंच असतं.

मनीप्लांट: बेझ स्क्वारेक लिहून घेतलं, खूप आभार! रूम फक्त नाश्त्यासकट घेऊ की रात्रीचं जेवणही?

डोंगरभटक्या: दोन्ही घ्या. दिवसभर मोर्स्किए ओको तळ्यापर्यंत चालून आलात की परत बाहेर पडवत नाही. मांस नको हे बुकिंग करतानाच कळवा, आमच्या मालकीणबाईंनी बायकोसाठी रोज वेगळं केलं, एकदा तर मोस्कोल, बटाट्याची जाड भाकरीच ती, वर लसणाचं लोणी, तव्यावरून थेट ताटात.

करवीरकर: तिथे गप्पा निघाल्या तर वळिवडे कॅम्पाचं नक्की सांगा. १९४३ ते ४८ सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित आमच्या कोल्हापूरजवळ राहिले, बहुतेक बायका आणि मुलं. माझी आजी त्यांच्याबद्दल फार मायेने बोलायची.