मदत हवी आहे: बारवांच्या कागदपत्रांना टॅग लावावेत की फुल टेक्स्ट सर्चवर भागेल?

नमस्कार मंडळी,

महाराष्ट्रातल्या बारवा (पायऱ्यांनी खाली उतरायच्या विहिरी) आणि जुन्या विहिरींची माहिती आम्ही काही जण मिळून जमवतोय. तीन हजारांच्या आसपास फायली झाल्या आहेत. कॅम्पबेलच्या इंग्रजी गॅझेटियरचे, म्हणजे ब्रिटिशकालीन जिल्हा-माहितीग्रंथांचे खंड (नाशिक १८८३, नगर १८८४, पुणे आणि सातारा १८८५), मराठी गॅझेटियर, वर्तमानपत्रांची कात्रणं, ग्रामपंचायतींची पत्रं, थोडे मोडी कागद आणि भरपूर फोटो. सगळं जिल्हावार फोल्डरांत ठेवलं आहे, पण हवं ते वेळेवर सापडत नाही.

आमच्यात दोन मतं आहेत. काहींचं म्हणणं, सगळ्याचं ओसीआर करा, म्हणजे स्कॅनमधल्या अक्षरांचा मजकूर करा, आणि शब्द टाकून शोधा, टॅग लावत बसायला माणसं कुठे आहेत? बाकीचे म्हणतात, टॅगशिवाय निभणार नाही. मी टॅगवाल्यांकडे झुकले आहे, त्याची कारणं सांगते.

आपल्या भाषेत नुसता सर्च फार लवकर थकतो. 'विहीर' शोधलं तर 'विहिरीत', 'विहिरींच्या' ही रूपं येतच नाहीत, कारण सामान्यरूपात दीर्घाचा ऱ्हस्व होतो. म्हणून 'विह' एवढंच टाकून पुढे तारा (*, म्हणजे पुढे काहीही चालेल) लावला, तर गावोगावचे बौद्ध विहार समोर येतात. 'पायऱ्या' हा तर आमच्या कामाचा कळीचा शब्द, आणि तो दोन प्रकारे टाईप होतो: एकात नुक्त्याचा (खाली टिंब असलेला) ऱ, दुसऱ्यात साधा र आणि पुढे अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण बऱ्याच प्रोग्रॅमना ते दोन वेगळे शब्द वाटतात. श्रीलिपी किंवा शिवाजी या युनिकोडपूर्व फॉन्टात केलेल्या जुन्या पीडीएफमध्ये मराठी छान दिसतं, कॉपी केलं की रोमन अक्षरांचा काला हाती येतो. कॅम्पबेलच्या खंडांत गावांच्या स्पेलिंगमध्ये 'ए'वर तिरकी रेघ आहे. ओसीआर ते अक्षर कितीदा 'डी' म्हणून वाचतो, त्यामुळे इंग्रजीत 'सातारा' टाकलं तरी साताऱ्याची पानं निसटतात.

हे सगळं एक वेळ दुरुस्त करता येईल. पण फोटोत शब्दच नसतात. एकाच वास्तूला एक लेखक बारव म्हणतो, दुसरा पुष्करणी, तिसरा कुंड, आणि इंग्रजीत नुसतंच टँक. शिवाय जिल्हे बदलले. हिंगोली १९९९ साली परभणीतून वेगळा झाला, जालना १९८१ साली औरंगाबादमधून. १९६०-७०च्या कागदात 'परभणी जिल्हा' असलेलं गाव आज हिंगोलीत असू शकतं, आणि हे त्या कागदावर कुठेच लिहिलेलं नसतं.

म्हणजे टॅग लागणार, एवढं मला पटलं आहे. प्रश्न असे आहेत:

टॅग किती आणि कशाकशाचे? प्रत्येकाने आपल्या मनाने लावले तर 'बारव', 'बारवा', 'पायविहीर' असे ढीगभर टॅग होतील. शिवाय सॉफ्टवेअर कोणतं? झोटेरो (संदर्भांच्या नोंदी ठेवणारं) थोडं वापरून पाहिलं, पेपरलेसबद्दल (स्कॅन केलेले कागद लावून ठेवणारं) वाचलं आहे. पुढे ते बंद पडलं तर टॅगांचं काय? कोणी असं काम केलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद १

ताई, काम फार मोलाचं आहे. मी एका वाचनालयाचा जुना संग्रह लावला आहे, त्या अनुभवावरून सांगतो.

दोन्ही ठेवा, पण कामं वाटून द्या. जे पानावर लिहिलेलं आहे त्याचा टॅग करू नका, ते सर्चकडे सोडा. टॅग फक्त जे लिहिलेलं नाही किंवा दर ठिकाणी वेगळं लिहिलं आहे त्याचे. तुमच्या बाबतीत चार पुरेत: गाव, वास्तूचा प्रकार, कागदाचा प्रकार, आणि तपासलं की नाही. यादी एकाच माणसाच्या हाती असू द्या. नवा टॅग हवा असेल तर त्याला विचारायचं.

गावाचा टॅग नावाने करू नका. वडगाव, पिंपळगाव महाराष्ट्रात किती आहेत ते तुम्हाला माहीतच आहे. २०११च्या जनगणनेत प्रत्येक गावाला सहा अंकी कोड आहे, तो घ्या. जिल्ह्याचं नाव बदललं, तालुका तुटला तरी टॅगला हात लावावा लागत नाही. हाच कोड फाईलच्या नावात सुरुवातीला टाका. टॅग सॉफ्टवेअरच्या डेटाबेसात राहतात, फाईलचं नाव मात्र फाईलबरोबर जातं.

श्रीलिपीवाल्या पीडीएफसाठी ओसीआरमायपीडीएफ हा पीडीएफचं ओसीआर करणारा प्रोग्रॅम वापरा, मराठी आणि इंग्रजी दोन्ही भाषा देऊन. पण पानावर आधीच मजकूर दिसला की ते काम थांबवतं, म्हणून फोर्स-ओसीआरचा पर्याय द्यावा लागेल. 'विहीर'साठी तारा लावण्यापेक्षा 'विहीर' किंवा 'विहिर*' असा दुहेरी शोध करा, विहार येणार नाहीत.

मोडी कागदांना टॅग पुरणार नाही. झोटेरोत त्या नोंदीखाली नोट लिहा, लिप्यंतर नसेल तर निदान दोन ओळींचा सारांश. नोटमधला मजकूर सर्चमध्ये येतो. फोटोंनाही हेच.

धागाकर्ती

मनापासून आभार. गावाच्या कोडाची कल्पना सगळ्यांना पटली, उद्यापासून सातारा जिल्ह्यावर करून पाहतो. एक अडचण लगेच दिसली. उजनी धरणाच्या पाण्यात गेलेल्या जुन्या पळसदेवसारख्या गावांचं काय करायचं? कोड आजच्या गावाचा, वास्तू जुन्या ठिकाणी, आणि ती पाणी ओसरल्यावरच दिसते.

प्रतिसाद २

कोड आजच्या गावाचाच ठेवा, नाहीतर शोधणाऱ्याला तो मिळणारच नाही. त्याला जोडून 'बुडीत' असा पाचवा टॅग करा आणि जुन्या जागेचे अक्षांश-रेखांश नोटमध्ये लिहा. जायकवाडीच्या जलाशयातली गावंही त्याच टॅगखाली येतील. फोटोच्या नोंदीत तो कोणत्या महिन्यात काढला तेही टाका. पाणी केव्हा किती उतरतं हे पुढे जाणाऱ्यांना त्यावरून कळेल.