गिट स्टेटसमध्ये एकच फाईल दोनदा, आणि नावाच्या जागी आकडे

फोंडा_नाट्यवेडा:
आमच्या गावच्या जत्रेला दरवर्षी मराठी नाटक असतं, यंदा संहिता मी टाईप करतोय आणि बदल सांभाळायला गिट हा प्रोग्राम वापरतोय. काल रात्री गिट अ‍ॅड केलं, मग दिग्दर्शकांचा फोन आला म्हणून दुसऱ्या अंकातले दोन संवाद बदलून सेव्ह केलं आणि काय बदललंय ते बघायला गिट स्टेटस मारलं तर तीच फाईल वर हिरव्यात ‘चेंजेस टु बी कमिटेड’मध्ये आणि खाली लाल रंगात ‘चेंजेस नॉट स्टेज्ड फॉर कमिट’मध्ये पण. वरून नाव ‘नाटक’ दिसायच्या जागी \३४०\२४४\२५०\३४०\२४४\२७६ अशी आकड्यांची माळ. फाईल खराब झाली काय? महिनाभराचं टायपिंग आहे हो त्यात, कमिट करायचा, म्हणजे बदल गिटमध्ये पक्के नोंदवायचा, धीर होत नाहीये.

डिचोली_देव:
फाईलीला काही झालेलं नाही. ते आकडे म्हणजे तुमचं ‘नाटक’च आहे. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइटचं, न, काना, ट, क मिळून १२ बाइट, आणि इंग्रजीबाहेरचं अक्षर नावात आलं की गिट एकेक बाइट ऑक्टल (आठच्या पायाच्या) आकड्यात छापतं. ३४० २४४ परत परत येतंय ना, त्याच्यापुढचा आकडा अक्षर ठरवतो, २५० म्हणजे न, २७६ म्हणजे काना. कोर डॉट कोटपाथ हे सेटिंग गिट कॉन्फिगने फॉल्स करा, नाव सरळ दिसेल. आपल्या भाषेत फाईलला नाव देणाऱ्या माणसाला असं घाबरवायला नको, हे सेटिंग मुळातच बंद असायला हवं होतं असं माझं ठाम मत आहे.

मडगावकर:
दोनदा का दिसते ते सांगतो. गिट अ‍ॅड म्हणजे त्या क्षणाची प्रत प्रॉम्प्टरच्या हातात दिली असं समजा, नंतर तुम्ही घरच्या वहीत संवाद बदललात तरी त्याच्या हातातली प्रत जुनीच. हिरवी ओळ ती प्रत, लाल ओळ वहीतला नवा बदल. आत्ता कमिट केलंत तर त्यात जुनेच संवाद जातील! गिट डिफला दोन डॅश देऊन स्टेज्ड लावा, कमिटमध्ये काय जाणार ते दिसेल, नुसतं गिट डिफ मारलं की अ‍ॅडनंतरचे बदल. पटलं की परत गिट अ‍ॅड.
आणि दोघंजण टाईप करत असाल तर ‘युअर ब्रँच इज अप टु डेट’वर विसंबू नका, स्टेटस सर्व्हरला विचारायला जात नाही, शेवटच्या फेचच्या, म्हणजे सर्व्हरवरचे बदल आणून बघितल्याच्या, वेळचं सांगतं.

फोंडा_नाट्यवेडा:
देव बरें करूं दोघांचं! नाव नीट दिसायला लागलं. स्टेज्ड डिफमध्ये खरंच जुने संवाद होते, परत अ‍ॅड केल्यावर लाल ओळ गेली. आणि फेच केलं तर ‘बिहाइंड बाय १ कमिट’, साखळीच्या मित्राने तिसरा अंक परवाच पाठवून ठेवलेला. तो आता घेतो, संध्याकाळी तालमीला नवी प्रत न्यायचीय.