मुलांसोबत नीलगिरीची वाफेची गाडी

सहा वर्षांच्या मुलाला मेट्टुपाळयम ते उटी हा जवळपास पाच तासांचा प्रवास झेपेल का, असं तुम्ही विचारलंय. आमच्या मुलांना झेपला, आणि फार आवडला. फक्त एक लक्षात ठेवा: वाफेचं इंजिन कुन्नूरपर्यंतच असतं, पुढे डिझेल लागतं. त्यामुळे वेळ वाचवायला कुन्नूरहून बसाल, तर मुलं नेमकी खरी गंमत हुकवतील.

कल्लारनंतर रुळांच्या मधोमध दातेरी पट्टी सुरू होते. इंजिनाखालचं दातेरी चाक त्या दातांत अडकत गाडी वर चढवतं, कारण चढ १२ फुटांना १ फूट इतका उभा आहे. हे मुलांना आदल्या रात्री चित्र काढून दाखवा. चढताना इंजिन मागून ढकलतं, हे पाहून माझी लेक थक्क झाली होती! वाटेत इंजिन पाणी प्यायला थांबतं, तेव्हा खाली उतरून जवळून बघू द्या, मात्र हात धरून. बोगदे १६ आहेत. प्रत्येकात डबाभर पोरं किंचाळतात.

गाडी सकाळी लवकर सुटते, म्हणून आदल्या रात्री मेट्टुपाळयम किंवा कोइंबतूरला मुक्काम करा. आरक्षण मात्र आधीच, सुट्टीत जागा पटकन भरतात.