मदत हवी आहे : सी कयाकसाठी बिल्ज पंप कोणता घ्यावा, हाताचा की बॅटरीचा?

गोसेकाठचा

नमस्कार मंडळी. मी भंडारा जिल्ह्यातल्या पवनी तालुक्यातला. गोसेखुर्दचं बॅकवॉटर घरापासून जवळच आहे. पुण्याच्या एका ओळखीच्यांकडून जुनी सी कयाक (समुद्रात वल्हवायची लांब, अरुंद, वरून बंद होडी) घेतली आहे. फायबरची, साडेसोळा फूट लांब, रुंदी जेमतेम ५६ सेंटिमीटर, पुढे-मागे बल्कहेड (दोन्ही टोकं बंद करणाऱ्या आतल्या भिंती) अन् दोन हॅच (त्या कप्प्यांची झाकणं). भंडाऱ्यात सी कयाक कशाला, असं विचाराल तर मे महिन्यातल्या वावधानात इकडे एकदा या. दुपारी वारा सुटला की वैनगंगेच्या या पसाऱ्यावर लाटा थेट डेकवर, म्हणजे बोटीच्या वरच्या पाठीवर येतात. शिवाय जानेवारीत बोट तारकर्लीला न्यायचा विचार आहे.

बोटीसोबत बिल्ज पंप, म्हणजे आत शिरलेलं पाणी बाहेर काढायचा पंप, आला नाही, म्हणून आता शोधून राहिलो आहे. अंगणात बोट ठेवून बादलीने मोजलं, कॉकपिट, म्हणजे बसायची जागा, काठोकाठ भरायला सव्वाशे लिटरच्या आसपास पाणी लागते. मी आत बसलो की त्यापेक्षा कमी मावेल, पण कमी म्हणजे किती?

नागपुरात विचारलं तर दुकानदाराने कूलरची मोटर समोर ठेवली. "बारा व्होल्टची पण भेटते, घेऊन जा." आमच्याकडे उन्हाळ्यात पाण्याच्या प्रत्येक प्रश्नाला कूलरची मोटर हेच उत्तर असते, त्याचा दोष नाही. घरी बॅटरीवरचा फवारणी पंपही आहे, १२ व्होल्ट ८ अँपिअर-अवरची बॅटरी. त्यातलं काही कामी येईल का? ऑनलाइन ५०० जीपीएचचा (तासाला ५०० गॅलनचा) बिल्ज पंप दिसला अन् हाताने ओढायचा पिवळा नळीवाला पंपही. दोन्ही घेण्याएवढं बजेट सध्या नाही. बहुतेक वेळा मी एकटाच असतो, हे लक्षात घेऊन सांगा.

अजून एक, इथे इकॉर्निया (जलपर्णी) प्रचंड आहे. नाग नदीचं सांडपाणी कन्हानमधून वैनगंगेत येते अन् त्यावर ही वनस्पती पोसते. पंपात मुळं अडकतील का?

रत्नागिरीकर_वल्हे

दादा, आधी आकड्यांचं बघू. ५०० जीपीएच म्हणजे तासाला सुमारे १,८९० लिटर, मिनिटाला ३१. पण हा आकडा पाणी वर चढवायचं नसताना, बिननळीचा. तुम्हाला ते डेकपर्यंत चढवायचंय, मध्ये नळीला वळणंही येणार. मिनिटाला वीस-पंचवीस लिटर धरा. चांगला हातपंप जोरात ओढला तर साधारण तेवढंच काढतो, फक्त दंड भरून येतात. म्हणजे वेगासाठी बॅटरीचा पंप घेण्यात अर्थ नाही. तो घ्यायचा हात मोकळे राहावेत म्हणून.

एकट्याच्या बाबतीत हेच महत्त्वाचं. जोडीदार असेल तर तो तुमची उलटी बोट आपल्या डेकवर ओढून पाणी सांडून देतो, तुम्ही जवळजवळ कोरड्या बोटीत चढता. एकटे असलात की पॅडल फ्लोट (वल्ह्याच्या टोकाला बांधायचा तरंगता फुगा) लावून भरलेल्या बोटीत चढायचं. आत शंभर किलो पाणी डुचमळत असतं आणि बोट पुन्हा कलंडायला बघते. अशा वेळी हातपंपाला एक हात नळीला, एक दांड्याला. वल्हं कुठे? आणि पंपासाठी स्प्रे स्कर्ट (कमरेभोवती घालून कॉकपिट झाकायचं कापड) उघडा ठेवलात तर पुढची लाट पुन्हा आत. स्कर्टची एक कड उचलून तिथून नळी आत सरकवायची आणि बाकी कड कॉकपिटच्या काठावर बसलेली ठेवायची, याचा किनाऱ्याजवळ सराव करा.

तरीही एकच घ्यायचा असेल तर हातपंप घ्या. त्यात बिघडण्यासारखं फार काही नाही. फोमची बाही असलेलाच घ्या, नाहीतर हातातून सुटला की बुडाला. डेकवरच्या बंजीखाली (ताणणाऱ्या दोरीखाली) नुसता खोचू नका, बारीक दोरीने बांधा. तळाचं शेवटचं बोटभर पाणी कुठलाच पंप काढत नाही, त्याला गाड्या धुवायचा मोठा स्पंज.

तुमची सव्वाशे लिटरची मोजणी चांगली आहे, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे बल्कहेड गळतात का. अंगणातच कॉकपिट पुन्हा भरा, तासभर ठेवा, मग हॅच उघडून हात फिरवा. जुन्या फायबरच्या बोटीत तिथलं सील सुटलेलं असू शकतं. पाणी टोकांत शिरायला लागलं तर पंप कोणता हा प्रश्नच उरत नाही.

वायरमन_वर्धा

कूलरची मोटर विसरा भाऊ. बारा व्होल्टची असली तरी वायरचे जोड खाऱ्या पाण्यासाठी केलेले नसतात. २३० व्होल्टवाली इन्व्हर्टर लावून चालवण्याचा विचार तर मनातही आणू नका. फवारणी पंपाचा डायफ्राम दाबासाठी बनलेला, मिनिटाला तीन-चार लिटर देईल. सव्वाशे लिटर काढेपर्यंत तुम्ही दमून जाल.

त्याची बॅटरी मात्र चालते. ५०० जीपीएचचा पंप दोन-अडीच अँपिअर घेतो. एकदा कॉकपिट रिकामं करायला पाच-सहा मिनिटं, म्हणजे पाव अँपिअर-अवर. तुमची ८ ची बॅटरी गरजेपेक्षा फारच मोठी अन् अडीचेक किलोची. २-३ अँपिअर-अवरची लहान बॅटरी पुरते. बॅटरीच्या प्लसजवळच फ्यूज, सगळे जोड सोल्डर करून वरून गोंदवाली हीट श्रिंक (गरम केली की आवळणारी नळी), अन् सगळं पाणबंद डब्यात. फ्लोट स्विच (पाणी चढलं की आपोआप चालू होणारा) लावू नका, कयाक सारखी डुलते, तो उगाच चालू-बंद होत राहतो. हाताने दाबायचा रबरी टोपीचा स्विच बरा.

डोंगेवाला

आमच्या ढिवरांच्या डोंग्यात तेलाचा पाच लिटरचा डबा तिरपा कापून ठेवतात. फुकटात होते. मोठं पाणी काढायला पंपापेक्षा जलद.

गोसेकाठचा

डोंगेवाले भाऊ, डोंगा वरून उघडा असते. माझ्या कॉकपिटात मी बसलो की डबा फिरवायला जागाच नाही. पण बाहेर उभं राहून, कंबरभर पाण्यात, डबा कामाचा आहे. ठेवतो.

बाकी दोघांचे आभार. हातपंप आधी घेतो. बॅटरीचा पंप कापूस विकला की. रत्नागिरीकर दादा, मुळांचं राहिलं. अन् पुढे तो पंप बसवला तर पाणी बाहेर पडायचं भोक कुठे करू? फायबरला भोक पाडायचं जिवावर येते.

रत्नागिरीकर_वल्हे

हातपंपात काडी अडकली तर तळाचा रबरी पडदा पूर्ण मिटत नाही आणि ओढलेलं पाणी परत खाली पडतं. तळाशी जाळीचं कापड रबराने बांधा, पण मोकळ्या विणीचं. बॅटरीच्या पंपाची जाळी खालून निघते, म्हणून तो कायमचा चिकटवू नका, हात पोचेल असा सीटच्या मागे बसवा.

भोक डेकवर, कॉकपिटच्या मागे, बाजूला. बोटीच्या कुशीत पाण्याजवळ नको, नाहीतर बोट कलली की त्याच नळीतून पाणी उलटं आत येईल. नळी १९ मिलिमीटरची, आतून गुळगुळीत. कड्याकड्यांची नळी पाणी अडवते. भोक पाडण्याआधी तिथे मास्किंग टेप लावा, ड्रिल सावकाश चालवा, कापलेल्या कडेला इपॉक्सी फिरवा. आणि तारकर्लीहून परतताना, निघायच्या आधीच, पंपातून दोन बादल्या गोडं पाणी काढा. हजारेक किलोमीटर मीठ आत सुकत नेऊ नका.